न फुटणारी वाटी

आमचा एक माजी विद्यार्थी गेल्या वर्षी आम्हांस भेटावयास आला. वडिलांना निवृत्तीच्या वेळी मिळालेले पैसे घालून त्याने काचीगुड्याच्या बाजूस एक लहानसे उपाहारगृह काढले आहे. सकाळी पोहे व उपमा, दुपारी बिर्याणी, मिरचीचे सालन आणि खट्टी दाळ, शिवाय रमजानच्या महिन्यात हलीम. गिऱ्हाईक चांगले जमले. परंतु चिनी मातीच्या वाट्या रोज दोन-तीन तरी फुटत. "सर, न फुटणारी वाटी कोणती घेऊ?" असे त्याने विचारले. वास्तविक आम्ही कलाशाखेचे पदवीधर. वाटीचा आणि आमचा संबंध जेवणापुरता! तरी विद्यार्थ्याने प्रश्न विचारल्यावर उत्तर शोधणे शिक्षकास चुकत नाही. म्हणून आम्ही त्याच्याबरोबर बेगम बाजार पालथा घातला आणि शाळेतील विज्ञानाच्या शिक्षकांनाही पुष्कळ त्रास दिला.

बाजारात त्याला जो तो मेलामाईनच्या वाट्या दाखवी. हलकी, गुळगुळीत, दिसावयास चिनी मातीसारखी, आणि हातातून पडली तरी सहसा फुटत नाही अशी ही वाटी आहे. मेलामाईन हा पदार्थ लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १८३४ साली प्रथम तयार केला. पण त्याची ताटे-वाट्या होण्यास शंभर वर्षे जावी लागली. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या नौदलाने ही भांडी वापरली, आणि पुढे ती घरोघर गेली.

मेलामाईन आणि फॉर्माल्डिहाइड यांच्या संयोगाने एक राळ तयार होते. (जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत बरणीतला बेडूक ज्या फॉर्मॅलिनमध्ये बुडवून ठेवतात, ते म्हणजे फॉर्माल्डिहाइडचेच पाण्यातील द्रावण.) त्या राळेत वनस्पतींचा शुद्ध केलेला तंतू मिसळतात आणि ती भुकटी तापलेल्या साच्यात दाबून वाटी घडवितात. मेण वितळवून पुन्हा थिजविता येते. भाजलेल्या पोळीची मात्र पुन्हा कणीक होत नाही. मेलामाईन या पोळीच्या जातीचे आहे. एकदा घट्ट झाले की ते वितळत नाही. म्हणूनच जुन्या वाट्या आटवून नव्या करता येत नाहीत.

येथपर्यंत सर्व ठीक होते. परंतु आमच्या विद्यार्थ्याने आमच्याकडे येण्यापूर्वीच एका दुकानातून स्वस्तात सहा डझन वाट्या घेतल्या होत्या, आणि चार महिन्यांत त्या निस्तेज व पिवळट झाल्या होत्या. विज्ञानाच्या शिक्षकांनी वाटी उलटी करून पाहिली आणि म्हणाले, "ही निव्वळ मेलामाईनची दिसत नाही." युरिया, म्हणजे शेतात खत म्हणून घालतात तोच, फॉर्माल्डिहाइडशी संयोग पावून अशीच एक स्वस्त राळ देतो. तिची वाटी करून वर मेलामाईनचा पातळ थर दिला की दुकानात दोहोंतील भेद नवख्यास कळत नाही. तो थर घासून गेला की आतील कमी प्रतीचा माल उघडा पडतो. आम्हांस त्यांनी एक साधी परीक्षा सांगितली. डझनावारी खरेदी करण्यापूर्वी एकच वाटी आणावी आणि अर्धा तास उकळत्या पाण्यात ठेवावी. तिची चकाकी गेली, अंग खरखरीत झाले किंवा उग्र वास आला, तर त्या मालाच्या वाटेस जाऊ नये.

यानंतर त्यांनी जो प्रश्न विचारला, तो आम्हां दोघांच्याही मनात आला नव्हता: "या वाटीत तुम्ही काय वाढणार?"

आमच्या कोकणी घरात आजी ताक किंवा सोलकढी पितळेच्या भांड्यात कधी ठेवू देत नसे. कल्हई उडालेली असेल तर मुळीच नाही. आंबट पदार्थ पितळेत कळकतो हे घरातील लहान मुलासही ठाऊक असे, कारण कळकलेल्या ताकाची चव जिभेला तत्काळ कळते. मेलामाईनचे तसे नाही. अन्न फार गरम किंवा आंबट असेल तर वाटीतून मेलामाईनचा सूक्ष्म अंश त्यात उतरतो, आणि रंग, वास, चव यांपैकी काहीच बदलत नाही. आपल्या सालारजंग संग्रहालयात सेलॅडॉन जातीची फिकट हिरवी चिनी भांडी आहेत. विषारी अन्न वाढले की असे भांडे रंग बदलते किंवा तडकते, अशी जुन्या काळी समजूत होती. ती खरी नव्हे. पण आपले ताट आपल्याला सावध करील ही राजेरजवाड्यांची आशा आम्हांस हास्यास्पद वाटत नाही.

तैवानमधील संशोधकांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात बारा जणांना शेवयांचे गरम सूप एकदा मेलामाईनच्या आणि एकदा चिनी मातीच्या वाडग्यातून दिले. पुढील बारा तासांत लघवीवाटे बाहेर पडलेले मेलामाईन पहिल्या वेळी सुमारे ८.३५ मायक्रोग्रॅम भरले, तर दुसऱ्या वेळी १.३१. हे प्रमाण अत्यल्प आहे. चीनमध्ये २००८ साली दुधात मेलामाईनची भेसळ होऊन सुमारे तीन लाख बालके आजारी पडली, त्या अनर्थाशी याची तुलना करू नये. पण रोज तेथेच जेवणाऱ्या गिऱ्हाइकाच्या पोटात जे जाते, त्याचा विचार मालकाने करावयास हवाच. जर्मनीतील जोखीम-मूल्यांकन संस्थेने अशा भांड्यांसाठी ७० अंश सेल्सिअस ही मर्यादा सांगितली आहे, आणि मायक्रोवेव्हमध्ये ती ठेवू नयेत असे बजावले आहे. चुलीवरून उतरलेले सालन या मर्यादेच्या कितीतरी वर असते. त्यात चिंचेचा कोळ! हलीमही वाफाळतेच वाढावयाचे, आणि वर लिंबू पिळावयाचे. हैदराबादी जेवणाएवढी कठीण परीक्षा या वाटीस दुसरीकडे क्वचितच द्यावी लागत असेल.

अखेर विद्यार्थ्याने वाटण्या केल्या. सालन व खट्टी दाळ स्टेनलेस स्टीलच्या वाट्यांत. त्या हाताला चटका देतात, म्हणून खाली बशी. हलीम जाड चिनी मातीच्या वाडग्यांत, फुटले तरी चालेल म्हणून. दह्याची चटणी, कांदा-लिंबू आणि थंड झालेला डबल का मीठा यांना मेलामाईन. वाट्या बुडाला कडा असलेल्या, एकात एक नीट बसणाऱ्या आणि जाड काठाच्या निवडल्या. मोरीवरील पोऱ्याच्या हातातून तारेची घासणी व राख काढून घेणे मात्र सर्वांत अवघड गेले. त्याला भांडे खसखसून घासल्याखेरीज स्वच्छ झाले असे वाटतच नाही. आणि ओरखडे पडले की त्यांत हळद कायमची बसते. चकाकी गेलेली वाटी दर महिन्यास बाजूला काढावयाची, असा आता तेथे नेम आहे.

आधीच्या सहा डझनांपैकी उकळून पाहिलेली एक वाटी आमच्या टेबलावर आहे. तिच्यात आम्ही खडू ठेवतो.