पडद्याआडचा मधुमेह

मोतीबिंदू हा शब्द आपल्याकडे शाळकरी पोरालाही ठाऊक असतो. डोळ्यातले भिंग गढूळ होते, ते काढून दुसरे बसवले की माणसाला पुन्हा दिसू लागते. गावोगावच्या शिबिरांनी ही गोष्ट घराघरांत पोहोचवली, त्याबद्दल त्यांचे उपकार मानावे तेवढे थोडेच. परंतु त्याबरोबर एक समजूतही रुजून बसली. उतारवयात दिसेनासे झाले म्हणजे तो मोतीबिंदूच, आणि तो 'पिकेपर्यंत' थांबायचे! भिंगाच्या मागे डोळ्यात आणखी एक नाजूक वस्तू असते, हे कोणाच्या ध्यानात येत नाही. तिला आपण पडदा म्हणतो. शास्त्रीय मराठीत दृष्टिपटल. भिंग बदलता येते, पडदा बदलता येत नाही. मधुमेह घाव घालतो तो मुख्यतः या पडद्यावर.

मराठी वाङ्मयाच्या विद्यार्थ्याने हा विषय कशाला घ्यावा, असे आमच्या काही प्राध्यापकांना वाटेल. कारण घरचेच आहे. माझे थोरले मामा दिंद्रुडला शेती करतात. बारा वर्षांपासून त्यांना शुगर आहे (मधुमेह हा शब्द आमच्या माजलगाव तालुक्यात फक्त दवाखान्याच्या फलकावर असतो). डोळे तपासून घ्या म्हटले की मामा ओट्यावरूनच जाणाऱ्या एस.टी.ची पाटी वाचून दाखवत आणि वर विचारत, "आता बोल!" एके सकाळी त्यांच्या उजव्या डोळ्यापुढे कोळिष्टकासारखे काळे जाळे आले. मोतीबिंदू आला असे ठरवून त्यांनी दोन महिने काढले. डॉक्टरांनी शेवटी सांगितले की, पडद्यावर नव्या, कच्च्या रक्तवाहिन्या फुटल्या आहेत आणि त्यांतून डोळ्यात रक्त उतरले आहे. ही सुरुवात कित्येक वर्षांपूर्वीच झालेली असणार. मग ती सारी वर्षे पाटी दिसत कशी होती? या एका प्रश्नापायी मी न कळणारी पुष्कळ पाने वाचली.

प्रथम पडद्याविषयी. हा पडदा म्हणजे मेंदूचाच एक तुकडा आहे. गर्भात मेंदू आकार घेत असताना त्याला दोन्ही बाजूंनी फुगवटे येतात आणि त्यांतून दृष्टिपटल घडते. कागदाएवढ्या जाडीच्या या पटलात प्रकाश टिपणाऱ्या सुमारे बारा कोटी पेशी असतात. त्यांनी टिपलेले चेतापेशींच्या थरांतून गाळले जाऊन दहा-बारा लाख तंतूंच्या एका जुडीतून मेंदूकडे जाते. म्हणजे पडद्याचे दुखणे हे मुळात मज्जासंस्थेचे दुखणे. पण वैद्यक बराच काळ त्याकडे रक्तवाहिन्यांचे दुखणे म्हणूनच पाहत आले, आणि याचे कारण मला मोठे मौजेचे वाटते.

१८५१ साली हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने जिवंत माणसाच्या डोळ्यात डोकावण्याचे उपकरण प्रसिद्ध केले. त्यातून पडद्यावरच्या लाल रक्तवाहिन्या, त्यांचे फुगे, रक्ताचे ठिपके हे सारे स्पष्ट दिसे. चेतापेशी मात्र पारदर्शक. त्या जिवंत असोत की मेलेल्या, उपकरणाला त्यांचा पत्ता लागत नसे. जे दिसले त्यालाच रोग म्हटले गेले. ब्लडवर्थ या रोगनिदानतज्ज्ञाने १९६२ सालीच मृत रुग्णांच्या डोळ्यांचे काप तपासून लिहिले होते की, मधुमेहात पडद्याच्या चेतापेशीही झडतात. तरी पुढची तीन दशके त्याकडे फारसे कोणी वळून पाहिले नाही.

त्या वाटेवर दिवा घेऊन गेलेल्यांपैकी एक म्हणजे ॲलिस्टर बार्बर हे मज्जाशास्त्रज्ञ. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात हर्शी नावाचे गाव आहे. ते चॉकलेटच्या कारखान्याभोवती वसले, आणि तिथले वैद्यकीय केंद्रही त्याच चॉकलेटच्या पैशातून उभे राहिले. मधुमेहाचा शोध घ्यायला याहून विनोदी ठिकाण कोणते असेल? तिथे नेत्रतज्ज्ञ टॉमस गार्डनर आणि सहकाऱ्यांसह बार्बर यांनी उंदरांना मधुमेह जडवला आणि त्यांच्या पडद्यात मरणाऱ्या पेशी मोजल्या. १९९८ साली त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. मधुमेह होऊन एकच महिना झालेल्या उंदरांतही निरोगी उंदरांच्या सुमारे दहापट पेशी मरत होत्या, आणि त्या मुख्यतः रक्तवाहिन्यांच्या नव्हत्या. साडेसात महिन्यांनी पडद्याच्या आतील थरांपैकी एक २२ टक्के, तर दुसरा १४ टक्के पातळ झाला होता. मधुमेही माणसांच्या मरणोत्तर डोळ्यांतही असाच पेशीमृत्यू आढळला. ज्या उंदरांना इन्सुलिन दिले, त्यांच्यात मात्र तो थांबला होता. बार्बर पुढेही याच विषयाला चिकटून राहिले; २००५ साली त्यांनी जनुकदोषामुळे मधुमेह जडणाऱ्या उंदरांच्या एका जातीत हीच झीज दाखवली.

मामांच्या पाटीचा उलगडा मला इथे झाला. पडद्यातल्या काही पेशी गेल्या तरी उरलेल्या काम उरकून नेतात, जशी ऊसतोडीच्या टोळीत एक कोयता आजारी पडला तरी बाकीचे गाडी भरतात. मुकादमाला उणीव कळते ती फार उशिरा. त्यातून पाटी वाचतो तो पडद्याचा मधला, मूठभर भाग. रोग कडेला पसरत असताना मधली नजर पुष्कळदा लख्ख राहते.

दुसरे नाव पाहून मराठी वाचक क्षणभर थबकेल. ते आहे आशय भटवाडेकर. बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठात त्यांचे काम सुरू झाले. रक्तवाहिन्यांची डागडुजी करणाऱ्या पेशींना मधुमेहात काय अडथळा येतो, हा त्यांचा विषय. पुढे फ्लोरिडा विद्यापीठात मारिया ग्रँट यांच्या चमूत आणि नंतर इंडियाना विद्यापीठात त्यांनी तोच धागा धरून ठेवला. या डागडुजीच्या पेशी तयार होतात हाडांच्या आत, नळीतल्या मगजात. तिथून त्या रक्तात सोडल्या जातात, त्याही ठरलेल्या वेळी, कारण शरीराला स्वतःचे घड्याळ आहे. २००९ साली जूलिया बुसिक, ग्रँट, भटवाडेकर आणि इतरांनी दाखवले की, चार महिने मधुमेह असलेल्या उंदरांच्या मगजातील मज्जातंतूंची टोके झडून गेली होती. मगजात गवंडी गर्दी करून बसलेले, पण बाहेर पडा म्हणून हाक देणारा तंतूच नाही! रक्तात त्यांची संख्या घटली, वेळापत्रक कोलमडले, आणि पडद्यावरच्या बारीक वाहिन्या दुरुस्तीवाचून ओस पडल्या. हे सारे पडद्यावर रोग दिसू लागण्याआधी घडत होते. डोळ्याच्या रोगाचे एक मूळ हाडातल्या मज्जातंतूंत सापडावे, याचे मला अजून नवल वाटते.

भटवाडेकर तेवढ्यावर थांबले नाहीत. मधुमेह नसलेल्या, पण शरीराचे घड्याळ चालवणाऱ्या एका जनुकात बिघाड असलेल्या उंदरांच्या पडद्यातही मधुमेहासारखीच पडझड होते, हे त्यांनी २०१३ साली सहकाऱ्यांसह मांडले. उंदरांवरून माणसांचे अनुमान एका उडीत काढू नये हे खरे. तरी रात्रीच्या लाइटीवर उसाला पाणी द्यायला जाणारी आमच्याकडची माणसे हे वाचताना आठवल्याखेरीज राहिली नाहीत.

आधी चेतापेशी की आधी रक्तवाहिन्या, हा वाद अजून मिटलेला नाही. दोघींचा संसार एकच, असे अलीकडे पुष्कळ जण मानतात. पण पडद्याच्या थरांची जाडी जिवंत माणसात मोजणारी यंत्रे आता आली आहेत. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, पडद्यावर रोगाची खूण नसलेल्या किंवा अगदी किरकोळ असलेल्या ४५ मधुमेहींवर चार वर्षे लक्ष ठेवले गेले. त्यांचेही चेतापेशींचे थर वर्षावर्षाला पातळ होत गेले. हर्शीच्या उंदरांनी जे सांगितले, त्याच्याशी हे जुळते.

शुगर लठ्ठ माणसाला होते, आपण काटकुळे, ही आमच्याकडची दुसरी खात्री. तिला पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी स्वतःच उत्तर दिले. २००४ साली त्यांनी आपल्या इंग्रज सहकाऱ्यासह एक छायाचित्र प्रसिद्ध केले. उंचीच्या मानाने दोघांचे वजन सारखेच, पण इंग्रजाच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि आपल्या डॉक्टरांच्या अंगात २१.२ टक्के!

उपायांचे म्हणाल तर रक्तातली साखर आवरणे हा पहिला. १९९३ साली जाहीर झालेल्या अमेरिकेतील मोठ्या चाचणीत १४४१ रुग्ण होते, सारे इन्सुलिनवर अवलंबून असलेल्या प्रकारचे. पडदा निरोगी असलेल्यांपैकी ज्यांनी साखर काटेकोर ताब्यात ठेवली, त्यांच्यात पडद्याचा रोग उद्भवण्याचा धोका ७६ टक्क्यांनी घटला. रोग पुढे गेला तर लेसरचे डाग देतात, डोळ्यात इंजेक्शनेही देतात. त्याने उरलेली नजर बहुधा राखली जाते. मेलेली चेतापेशी मात्र उगवत नाही. म्हणून मोठ्या वयात मधुमेह निघाला की त्याच वर्षी, आणि पुढे दर वर्षी, बाहुली मोठी करून पडदा पाहायचा असतो. थेंब टाकल्यावर अर्धा तास बसावे लागते आणि नंतर काही तास जवळचे धूसर दिसते, उन्हात डोळे दिपतात. तेव्हा सोबत कोणीतरी न्यावे आणि मोटारसायकल घरी ठेवावी.

मामांच्या उजव्या डोळ्याला आता बोटे मोजता येतात. डाव्याला लेसरच्या तीन बैठका झाल्या. गेल्या महिन्यात धाकट्या मामीचीही शुगर वाढलेली निघाली. तिला सुईत दोरा एका झटक्यात ओवता येतो. तरी येत्या सोमवारी मामा स्वतः तिला डोळ्यांच्या तपासणीला घेऊन जाणार आहेत.