चुंबकीय वादळ व अंतराळयानावरील सौर कणवर्षाव

‘सौर वादळ’ हा शब्दप्रयोग वृत्तपत्रांतून इतक्या सैलपणे योजिला जातो की, तीन भिन्न घटनांपैकी नेमकी कोणती अभिप्रेत आहे हे कळणे दुरापास्त व्हावे. सूर्यावरील प्रकाशस्फोट, तेथून सुटलेल्या प्रोटॉनादी भारित कणांचा वर्षाव आणि पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रातील खळबळ, या त्या तीन घटना होत. भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने पदार्थविज्ञानाच्या प्रांतात शिरणे हे धाडसच. परंतु येथे शब्दाच्या संदिग्धतेमुळे कार्यकारणभावच चुकीचा समजला जातो, म्हणून हा प्रपंच.

चुंबकीय वादळ हे सौर कण आपल्यासोबत घेऊन येते, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः अतिवेगवान कण बहुधा आधीच येऊन दाखल झालेले असतात. वादळ त्यांना थोपविणारे कवच दुबळे करते.

चुंबकीय क्षेत्रात शिरणारा भारित कण वळविला जातो. त्याच्या या वळण्यास असलेल्या विरोधाला इंग्रजीत ‘रिजिडिटी’ म्हणतात. ‘दृढता’ म्हटल्यास घन पदार्थाचा ताठरपणा मनात येतो; म्हणून मी ‘वळणविरोध’ हा शब्द योजितो. तो व्होल्टमध्ये मोजतात. नॉर्वेचे गणितज्ञ कार्ल स्टोर्मर यांच्या गणितानुसार, चुंबकीय विषुववृत्तावर सरळ वरून येणाऱ्या कणास पृथ्वीजवळ पोचण्यासाठी सुमारे १५ अब्ज व्होल्ट वळणविरोध लागतो. अक्षांश वाढतो तशी ही मर्यादा झपाट्याने उतरते. ६० चुंबकीय अक्षांशावर ती सोळाव्या हिश्शाइतकी, म्हणजे सुमारे ९३ कोटी व्होल्ट उरते. आता १० कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेच्या प्रोटॉनचा वळणविरोध अवघा ४४ कोटी व्होल्ट असतो. अर्थात या गणिताप्रमाणे शांत काळी तो साधारण ६५ अंशांच्या अलीकडे येऊ शकत नाही. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाची कक्षा विषुववृत्ताशी ५१.६ अंशांचा कोन करते. पण चुंबकीय अक्ष पृथ्वीच्या अक्षाशी कललेला असल्यामुळे उत्तर अमेरिकेवरून जाताना ते साठीपलीकडील चुंबकीय अक्षांशांत पोचते. म्हणजे स्थानक उंबरठ्याला लागूनच फिरत असते.

सूर्यापासून निघालेला चुंबकित वायूचा मेघ सामान्यतः एक ते तीन दिवसांनी पृथ्वीवर आदळतो. त्यातील क्षेत्र दक्षिणाभिमुख असल्यास पृथ्वीभोवतालचा पश्चिमवाही वलयप्रवाह बळावतो आणि पृथ्वीच्या क्षेत्रास आतून विरोध करतो. परिणामी हा उंबरठा कित्येक अंश विषुववृत्ताकडे सरकतो, आणि जेथे स्थानक क्षणभर डोकावत असे, त्या प्रदेशात त्याच्या दीड तासाच्या प्रत्येक प्रदक्षिणेचा बराच मोठा भाग जाऊ लागतो.

२८ ऑक्टोबर २००३ च्या स्फोटानंतर कण सुमारे तासाभरात पृथ्वीजवळ आले, तर मेघ जवळजवळ १९ तासांनी. स्थानकातील दोघा प्रवाशांना तेव्हा ‘झ्वेझ्दा’ कक्षाच्या मागील, अधिक संरक्षित भागात वेळोवेळी आश्रय घ्यावा लागला. हेच तत्त्व आपल्याकडेही दिसून आले आहे. २२ जून २०१५ च्या वादळात टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या उटी येथील उपकरणाने सुमारे दोन तास म्युऑन कणांची वाढ नोंदविली. ते कण आकाशगंगेतील विश्वकिरणांपासून उद्भवलेले होते, सौर नव्हते. तथापि वाढीचे कारण कवचाचे दुबळेपण हेच संशोधकांनी दिले.

पोशाख घालून यानाबाहेर काम करणाऱ्यास हा भेद जिवाचा ठरतो. कणवर्षाव मंदावत असतानाही वादळ सुरू झाल्यास त्याला मिळणारी मात्रा वाढू शकते. शिवाय मेघातील क्षेत्राची दिशा खात्रीने कळते, ती तो सूर्याच्या बाजूस सुमारे १५ लक्ष किलोमीटरवर ठेवलेल्या उपग्रहांपाशी पोचल्यावरच. वेगवान मेघाच्या बाबतीत यानंतर हाती उरणारा अवधी अर्ध्या तासाहूनही कमी असतो, आणि तेवढ्या वेळात स्थानकाची अर्धी प्रदक्षिणाही पुरी होत नाही.