वजन कुणाचे घटवावे, सायकलीचे की स्वाराचे?

सायकलीच्या दुकानात शिरलेला ग्राहक हल्ली सर्वप्रथम काय करतो? तो सायकल एका हाताने उचलून पाहतो. हलकी लागली की चेहरा खुलतो, जड लागली की नजर पुढच्या सायकलीकडे वळते. दोन किलो वजन कमी व्हावे म्हणून हजारो रुपये अधिक मोजण्याची अनेकांची तयारी असते. मात्र त्या सायकलीवर जो बसणार आहे, त्याचे वजन सायकलीच्या सहा-सात पट असते, याचा विचार फारसा होत नाही. मग रस्त्यावर वेग वाढवायचा असेल तर वजन कुणाचे घटवावे, सायकलीचे की स्वाराचे? या प्रश्नाशी खिसा आणि प्रकृती दोन्ही निगडित असल्याने तो नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

त्यासाठी आपल्याच परिसरातला एक रस्ता घेऊ. उल्हासनगर कॅम्प ४ मधून निघायचे आणि अंबरनाथ, बदलापूर, वांगणी, शेलू करीत नेरळ गाठायचे. अंतर सुमारे ३० किलोमीटर. कर्जतच्या लोहमार्गाच्या सोबतीने जाणारी ही वाट, किरकोळ चढउतार सोडले तर, सपाटच आहे. नेरळहून मात्र माथेरानच्या दस्तुरी नाक्यापर्यंतचा घाट सुरू होतो. १९०७ साली सुरू झालेली माथेरानची छोटी गाडी डोंगर चढण्यासाठी २१ किलोमीटरचा वळसा घेते. मोटाररस्ता जवळपास तेवढीच उंची त्याच्या निम्म्याहूनही कमी अंतरात चढतो. सपाटी आणि घाट या दोहोंचे गणित किती भिन्न आहे, हे या एकाच वाटेवर कळते.

सपाटीवर वाऱ्याशी झुंज

आपला स्वार ७५ किलोचा आणि सायकल १२ किलोची आहे, असे मानू. नेरळपर्यंत तो ताशी २५ किलोमीटर वेगाने जातो. या वेगाला त्याची जी शक्ती खर्च होते, तिचा सुमारे दोन तृतीयांश भाग केवळ हवा बाजूला सारण्यात जातो. उरलेला भाग प्रामुख्याने टायर आणि रस्ता यांच्यातील घर्षणात संपतो. वजनाचा संबंध येतो तो या दुसऱ्या भागाशी. त्यामुळे सायकल दोन किलोंनी हलकी केली, तर ३० किलोमीटरच्या प्रवासात जेमतेम दहा-पंधरा सेकंद वाचतात. चहाच्या टपरीवर सुटे पैसे शोधण्यात याहून अधिक वेळ जातो.

याउलट तोच स्वार हँडलवर थोडा वाकून बसला आणि वाऱ्याला सामोरे जाणारे अंग आठव्या हिश्श्याने कमी झाले, तर दोन-अडीच मिनिटे वाचू शकतात. वाऱ्याने फडफडणारा सैल सदरा बदलणे आणि टायरमध्ये योग्य हवा भरणे हे उपाय तर जवळजवळ फुकटचे आहेत.

घाटात प्रत्येक किलोचा हिशेब

नेरळचा घाट लागताच चित्र पालटते. वेग ताशी आठ किलोमीटरवर येतो, हवेचा रोध नगण्य होतो आणि गुरुत्वाकर्षणाचे राज्य सुरू होते. हिशेबाच्या सोयीसाठी आठ किलोमीटरचा रस्ता आणि ७०० मीटरची चढाई धरू. आपला स्वार पॅडलवर सातत्याने १८० वॉट शक्ती लावत असेल, तर त्याला वर पोहोचण्यास साधारण एक तास लागेल. सायकल दोन किलोंनी हलकी केली, तर सुमारे सव्वा मिनिट वाचते. स्वाराच्या अंगावरची पाच किलो चरबी उतरली, तर तीन मिनिटांहून अधिक वेळ वाचतो. आणि नियमित सरावाने त्याची शक्ती १८० वरून १९५ वॉटवर गेली, तर साडेचार मिनिटांच्या आसपास बचत होते.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. कमी झालेला किलो सायकलीचा आहे की पोटाचा, हे घाटाला कळत नाही. त्याला वर न्यायचे असते ते एकूण वजन. चाकाचे वजन दुप्पट मोजावे लागते असे सांगितले जाते, तेही वेग वाढवतानाच्या क्षणापुरतेच खरे आहे. एका लयीत चढताना चाकातील किलो आणि पाण्याच्या बाटलीतील किलो सारखेच.

जडाचे मैदान, हलक्याचा डोंगर

म्हणजे वजनदार माणसाने सायकल चालवूच नये काय? तसे मुळीच नाही. धिप्पाड स्वाराकडे स्नायू अधिक, म्हणून एकूण शक्तीही अधिक. त्याचे वजन ज्या प्रमाणात वाढते, त्या प्रमाणात त्याला होणारा हवेचा रोध वाढत नाही. त्यामुळे सपाटीवर त्याची सरशी होते. इटलीच्या फिलिप्पो गान्नाने ऑक्टोबर २०२२ मध्ये एका तासात ५६.७९२ किलोमीटर अंतर कापून विश्वविक्रम केला, तेव्हा त्याचे वजन ८० किलोंहून अधिक होते. त्याच वर्षी आल्प्स आणि पिरेनीजच्या घाटांनी भरलेली ‘टूर द फ्रान्स’ जिंकणारा डेन्मार्कचा योनास विंगेगार्ड मात्र साठ किलोंच्या आसपासचा. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत बोरघाटात प्रथम येणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ हा स्वतंत्र किताब देण्याची प्रथा आहे, ती याच कारणाने अर्थपूर्ण ठरते. सपाटीवरचा वीर घाटात राजा होईलच असे नाही.

व्यावसायिक स्पर्धांत सायकल हलकी करण्यालाही मर्यादा आहे. आंतरराष्ट्रीय सायकलिंग महासंघाने २००० सालापासून सायकलीचे किमान वजन ६.८ किलो ठरवून दिले आहे. सर्वांच्या सायकली या मर्यादेजवळ आल्यावर साहजिकच भर स्वाराच्या वजनावर येतो आणि तेथेच धोका सुरू होतो.

काट्याच्या मागे लागताना

एक किलो चरबीत सुमारे ७,७०० कॅलरी ऊर्जा साठलेली असते. कॅम्प ४ ते नेरळ या सपाट प्रवासात आपल्या स्वाराच्या सुमारे ५०० कॅलरी खर्च होतात. म्हणजे एक किलो चरबी घटवण्यासाठी अशा पंधरा फेऱ्या हव्यात, तेही नेरळला पोहोचल्यावर दोन वडापाव खाऊन ती कमाई परत न करता! फेरीनंतर काट्यावर दिसणारी किलोभराची घट बहुतांशी घामाची असते. ती पाणी प्यायले की भरून निघते आणि निघायलाच हवी.

वजन घटवण्याच्या नादात जेवण तोडणारे तरुण मात्र दुहेरी तोटा करून घेतात. चरबीबरोबर स्नायूही झिजतात, शक्ती उतरते आणि हलके होऊनही घाटातील वेळ वाढतो. खाणे आणि श्रम यांच्यातील दीर्घकाळच्या तफावतीने होणाऱ्या विकारांची आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने २०१४ साली स्वतंत्र दखल घेतली. हाडे ठिसूळ होणे, मुलींची मासिक पाळी अनियमित होणे आणि वारंवार आजारी पडणे ही त्याची लक्षणे आहेत. सायकल चालवताना शरीराचा भार हाडांवर फारसा पडत नसल्याने ती मजबूत होण्यासही या व्यायामाची मदत मर्यादितच. वाढत्या वयातील मुलांच्या पालकांनी आणि प्रशिक्षकांनी याकडे विशेष लक्ष द्यावे.

तात्पर्य, क्रम असा असावा. प्रथम बैठक आणि टायर सुधारावेत. नंतर सराव वाढवावा. पोट खरोखरच सुटले असेल, तर ते महिन्याला एक-दोन किलो या बेताने उतरू द्यावे. घाटासाठी मागील बाजूस मोठे दातेरी चक्र बसवून हलका गिअर मिळवावा. उतारासाठी ब्रेक तपासून घ्यावेत, कारण चढताना साठवलेली बरीचशी ऊर्जा उतरताना त्यांनाच जिरवायची असते. लाखमोलाच्या कार्बन फायबरच्या सायकलीचा विचार या सर्वांनंतर करावा. हौसेला मोल नसते हे खरे. परंतु हौस म्हणून घेतलेली सायकल सरावाची जागा घेईल, अशी अपेक्षा मात्र ठेवू नये.