पासपोर्ट भारतीय, तरी ब्रिटनमध्ये मत आहे!

गैरसमज: ब्रिटिश नागरिकत्व नाही, म्हणजे मताचा प्रश्नच नाही.

आहे! भारत राष्ट्रकुलात आहे आणि ब्रिटनमध्ये कायदेशीर राहणाऱ्या राष्ट्रकुल नागरिकाला तिथल्या पार्लमेंटपासून स्थानिक कौन्सिलपर्यंत मत देता येतं. पुण्याहून वर्षभराच्या एमएस्सीसाठी गेलेली मुलगीसुद्धा मतदार होऊ शकते. तिच्या शेजारी बसणाऱ्या अमेरिकन विद्यार्थ्याला मात्र पार्लमेंटसाठी मत देता येत नाही. आणि नाही, यामुळे भारतीय नागरिकत्वाला काही धक्का लागत नाही. पार्लमेंटसाठी वयाची अट २०२४च्या निवडणुकीत १८ होती. स्कॉटलंड आणि वेल्समधल्या स्थानिक निवडणुकांत १६व्या वर्षीच मत देता येतं.

गैरसमज: तिथे राहतो, कर भरतो, म्हणजे यादीत नाव असणारच.

खरी गळती इथेच होते. कौन्सिल टॅक्स भरला म्हणून मतदारयादीत नाव चढत नाही. स्वतः अर्ज करावा लागतो आणि घर बदललं की पुन्हा करावा लागतो. दर वर्षी नवी भाड्याची खोली शोधणाऱ्या तरुणांची नावं म्हणूनच गळतात. आशियाई आणि कृष्णवर्णीय रहिवाशांमध्ये नोंदणीचं प्रमाण गोऱ्यांपेक्षा कमी असल्याचं तिथल्या निवडणूक आयोगाच्याच पाहणीत दिसलं आहे. याला लोक सरसकट ‘उदासीनता’ म्हणतात, ते मला पटत नाही. ज्याचं नाव यादीतच नाही, त्याची उदासीनता मोजणार कशी?

अर्ज ऑनलाइन होतो. नॅशनल इन्शुरन्स नंबर नसला तरी अडत नाही. ग्रेट ब्रिटनमध्ये मुदत मतदानाच्या १२ कामकाजी दिवस आधी संपते. मतदानाला जाताना ओळख पटवायला भारतीय पासपोर्ट चालतो, कॉलेजचं ओळखपत्र नाही. २०२४च्या सार्वत्रिक निवडणुकीत ज्येष्ठांचा बसपास चालला, नातवाचं विद्यार्थी-कार्ड नाही. नियम करणाऱ्यांचं वय काय असावं, याचा अंदाज येतो!

गैरसमज: आपल्या माणसाला तिथे कोण निवडून देणार?

दादाभाई नौरोजींना लंडनच्या फिन्सबरी सेंट्रल मतदारसंघाने १८९२ मध्येच पार्लमेंटवर निवडून दिलं, तेही बोटांवर मोजण्याइतक्या मतांच्या फरकाने. मग १८९५ मध्ये मंचरजी भावनगरी आणि १९२२ मध्ये शापुरजी सकलातवाला. तिघेही मुंबईत शिकलेले. पक्ष मात्र तिघांचे वेगळे. पुढे मोठा खंड पडला. १९८७ मध्ये वांशिक अल्पसंख्याक समाजांतले चार जण पार्लमेंटच्या हाऊस ऑफ कॉमन्समध्ये पोहोचले. २०२४ मध्ये हा आकडा ९० झाला.

गैरसमज: उभं राहायचं तर पैसा हवा.

पार्लमेंटसाठी ५०० पौंड अनामत लागते. कौन्सिलच्या निवडणुकीला अनामतच नाही. मात्र विद्यार्थी व्हिसावर पार्लमेंटसाठी उभं राहता येत नाही. राष्ट्रकुल नागरिकाला त्यासाठी कायमस्वरूपी वास्तव्याची परवानगी हवी.

तुमची मुलगी, भाचा, पुतण्या तिकडे असेल, तर पुढच्या व्हिडिओ कॉलवर ‘जेवलास का?’ विचारून झालं की विचारा, ‘यादीत नाव घातलंस का?’