थर्माकोलची पत्रावळ अडवायची कुठे?

शेवभाजीवर लिंबू पिळताना त्याची साल थर्माकोलच्या द्रोणाच्या काठावर दाबून बघा. सालीचं तेल जिथे उडतं तिथे काठ बसतो, बारीक खड्डे पडतात. सालीतलं लिमोनिन पॉलिस्टायरिन विरघळवतं. आपल्याकडची गरम, तेलकट तर्रीही अशा द्रोणाला मऊ करते आणि त्यातल्या स्टायरिनचे अंश अन्नात उतरू शकतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने 2018 मध्ये स्टायरिनला ‘बहुधा कर्करोगकारक’ गटात टाकलं.

महापालिकेचं दुखणं मात्र वेगळं आहे. थर्माकोलमध्ये जवळपास 98 टक्के हवाच असते. घंटागाडी भरते, वजन मात्र नाही. जळगावच्या चटई उद्योगाला जुन्या प्लास्टिकचे दाणे चालतात, म्हणून भंगारवाला बादल्या-डबे उचलतो. तेलाने माखलेली पत्रावळ त्याच्या काय कामाची? तो किलोवर घेतो, आणि पोतंभर थर्माकोल काट्यावर जेमतेम हलतं. मग ते गटारात, तिथून धुळ्यात पांझरा नदीत.

राज्य सरकारने 23 मार्च 2018 रोजी अधिसूचना काढून थर्माकोलची ताटं, वाट्या, पेले आणि डबे यांचं उत्पादन, विक्री, साठवण, वाहतूक, वापर, सगळंच बंद केलं. तीन महिन्यांची मुदत संपल्यावर 23 जूनपासून दंड सुरू झाला: पहिल्यांदा 5,000 रुपये, दुसऱ्यांदा 10,000, तिसऱ्यांदा 25,000 आणि तीन महिन्यांपर्यंत कैद. कारवाईचे अधिकार महापालिकेच्या अधिकाऱ्यांपासून तहसीलदार, गटविकास अधिकारी, ग्रामसेवकांपर्यंत दिलेले आहेत. प्रदूषण नियंत्रण मंडळ आहेच. केंद्राची एकदाच वापरायच्या प्लास्टिक वस्तूंवरची बंदी 1 जुलै 2022 ला आली, म्हणजे महाराष्ट्रानंतर चार वर्षांनी.

प्रत्यक्षात होतं असं. आरोग्य विभागाचं पथक बाजारात शिरतं, माल मोजतं, पंचनामा करतं, जप्त करतं, पावती फाडतं. वडापावच्या गाडीवर 5,000 ची पावती फाडली तर बातमी होते, माल मात्र वरून येतच राहतो. माझ्या मते नेम धरायचा तो डिस्पोजेबलच्या घाऊक दुकानावर आणि त्याच्या गोदामावर, तोही लग्नसराईच्या आधी. मे महिन्यात छापा घालून काय उपयोग, माल तोवर मांडवात पोचलेला असतो. अमेरिकेतल्या बर्कली शहराने 1988 मध्येच फोमचे डबे बंद केले, तेव्हा नियम लावला तो जेवण विकणाऱ्यांवर. खाणाऱ्यामागे धावायची वेळच येऊ दिली नाही.

बंदीला पळवाटही लगेच सापडली. थर्माकोल गेलं, जागी आतून प्लास्टिकचा पातळ थर दिलेला कागदी द्रोण आला. दिसायला कागद, पण गाईच्या पोटात गेला तर प्लास्टिकच. जुलै 2022 मध्ये राज्याने असा थर दिलेल्या ताट-वाट्यांवरही बंदी घातली. त्याच वर्षी पुढे प्रमाणपत्र असलेल्या, कुजणाऱ्या वस्तूंना सूट दिली. आता निरीक्षकाने उभ्या उभ्या ओळखायचं कसं? काठ फाडून बघावा. आतून पारदर्शक पापुद्रा सुटला तर थर आहे. तो प्लास्टिकचा की कुजणारा, हे डोळ्यांनी कळत नाही. दुकानदाराकडे प्रमाणपत्रच मागावं लागतं.

पर्याय शोधायला लांब जायला नको. भरीत पार्टीत केळीच्या पानावर वाढलं तर कुणाची तक्रार नसते. पळसाची पत्रावळ सातपुड्याच्या पायथ्याला चोपडा, यावल, शिरपूर भागात अजून टाचली जाते. तिची अडचण एकच, पातळ रस्सा. तो चोयांच्या भोकांतून झिरपतो, म्हणून द्रोण दुहेरी टाचावा लागतो आणि भाव वाढतो. चारशे पानांच्या पंगतीत हा फरक यजमानाला जाणवतोच.

त्यामुळे मला जास्त भरवसा वाटतो तो स्टीलच्या ताटांवर. पंचमंडळाची किंवा समाजाची भांडी भाड्याने आणायची चाल आपल्याकडे जुनी आहे. तीच जबाबदारी ग्रामपंचायत किंवा बचत गट घेऊ शकतो. 2016 च्या घनकचरा नियमांनी एक हत्यारही दिलं: परवाना नसलेल्या जागी शंभरावर माणसांचा कार्यक्रम असेल तर किमान तीन कामकाजाचे दिवस आधी स्थानिक संस्थेला कळवायचं. ही सूचना घेतानाच कारकुनाने भांड्यांचा दर सांगावा, आणि त्या दरात घासणाऱ्या बायांची मजुरी आधीच धरलेली असावी. आचारी डिस्पोजेबल मागतो तो बहुतेक वेळा ‘घासायला माणूस नाही’ म्हणूनच.