भिंत पाडतं ते पाणी: उतारावरची घरं, पायऱ्या आणि आधारभिंती

सेमाडोहसारख्या मेळघाटातल्या गावात उतारावर घर म्हटलं की दोन गोष्टी आल्याच: अंगण धरून ठेवणारी आधारभिंत आणि दारापर्यंत चढणाऱ्या पायऱ्या. पायऱ्या डुगडुगायला लागल्या की आपण वरून सिमेंट लावतो. पण पायरी बहुतेक वेळा खचते ती तिच्याखालची भिंत सरकल्यामुळे. म्हणून आधी भिंत पाहू.

भिंत कशानं पडते? मातीच्या वजनानं, असं आपल्याला वाटतं. हिशोब करून बघा. दोन मीटर उंच भिंतीच्या दर मीटर लांबीवर कोरडा मुरूम साधारण सव्वा टन रेटा देतो. मागे वरपर्यंत पाणी साचलं, की तोच रेटा अडीच टनांच्या वर जातो. काळी माती असेल तर ती भिजून फुगते, ते वेगळंच. जुनी, बिनचुन्याची दगडी भिंत सांध्यांतून पाणी सोडते. तिला आपण गिलावा करून बंद केलं, की दिसायला पक्की झाली, पण आतून धरण झालं!

१८ जुलै २०२१ ला मुंबईत चेंबूरच्या भारतनगरात मुसळधार पावसात उतारावरच्या घरांवर भिंत कोसळली. १९ माणसं गेली.

भिंतीला पोट आलं, आडवी भेग पडली, वरच्या कडेशी जमीन फाटली, तर पावसाळ्याची वाट पाहू नका. खालचं घर आधी रिकामं करा. काम उन्हाळ्यात काढा. भिंत वरून उतरवा, एका वेळी थोडाच तुकडा. पाया घट्ट मुरुमापर्यंत न्या. दगडी भिंतीची तळाची रुंदी उंचीच्या निम्मी ठेवा आणि तिला डोंगराकडे थोडं झुकवा. मागे काळी माती नको, दगडगोटे आणि गिट्टी भरा. सिमेंटची असेल तर तळाशी आणि वर दर दीड मीटरला पाइप सोडा. भिंत छातीएवढ्या उंचीच्या वर जात असेल, तर अभियंत्याला दाखवल्याशिवाय हात लावू नका.

मग पायऱ्या. सगळ्यांची उंची सारखी, पंधरा-सोळा सेंटिमीटर; एखादी कमीजास्त झाली की अंधारात म्हातारं माणूस तिथंच पडतं. पायऱ्यांच्या कडेनं नाली काढा, नाहीतर पायऱ्याच ओढा होतात आणि ते पाणी भिंतीमागं मुरतं.

पैसे कमी असतील तर गिलावा राहू द्या, नाली आधी करा.