पूर्तधर्म आणि पाण्याची वर्गणी

आपल्या धर्मशास्त्रानें सत्कृत्यांचे इष्ट आणि पूर्त असे दोन भाग केले आहेत. यज्ञयागादि कर्म तें इष्ट. विहिरी, तळीं, बारवा, अन्नसत्रें हीं पूर्त. अमरकोशांत पाण्याच्या नांवांत ‘जीवन’ हा शब्द आलेला आहे, हें संस्कृत शिकणाऱ्या मुलांस पाठ असतें. परंतु त्याचा अर्थ चैत्रवैशाखांत डोक्यावर घागर घेऊन कोसभर चालणारी धाराशिवकडील स्त्री जितका जाणते, तितका कोणताही टीकाकार जाणीत नसेल.

हा जिल्हा बालाघाटाच्या पठारावर वसलेला आहे. मांजरा, तेरणा, सीना, बोरी या येथील नद्या. पावसाचें मान सरासरीनें सातआठशे मिलिमीटरांच्या आसपास, आणि तोही लहरी. जमिनीखालीं काळा कातळ असल्यामुळें त्याच्या झिजलेल्या थरांत व भेगांत मावेल तेवढेंच पाणी सांठतें. नळदुर्गास आदिलशाहींत, १६१३ सालीं, बोरी नदीस बांध घालून त्याच्या पोटांत पाणीमहाल बांधला, तो आजही प्रेक्षक कौतुकानें पाहतात. उलट २०१६ सालीं शेजारच्या लातूर शहरास मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें, हेंही आपण विसरलों नाहीं.

पूर्वीं विहीर बांधी एखादा राजा किंवा सावकार. पुण्य त्याचें, पाणी गांवाचें. दात्याचा वंश खालावला कीं गाळ कोण काढणार, हा प्रश्न उभा राही. पुढें दात्याच्या जागीं सरकार आलें. पण गांवाची वृत्ति तीच राहिली. हातपंपाचा दांडा मोडला तर तो ‘सरकारचा’ मोडला! या अनुभवावरूनच २००२ सालच्या स्वजलधारा योजनेंत व त्यानंतरच्या महाराष्ट्राच्या जलस्वराज्य प्रकल्पांत गांवानें खर्चाचा दहावा हिस्सा उचलावा, असें ठरलें. २०१९ सालीं सुरू झालेल्या जलजीवन मिशननें दर माणशीं दररोज ५५ लिटर पाणी घरांत नळानें देण्याचें योजिलें, आणि गांवांतील कामाच्या खर्चाचा दहावा भाग (डोंगराळ प्रदेशांत, व अनुसूचित जातिजमातींची वस्ती निम्म्याहून अधिक असेल तेथें विसावा) रोख, वस्तुरूपानें किंवा श्रमानें द्यावा असा नियम केला. पाणीसमितींत निम्म्या स्त्रिया असाव्या, हेंही त्यांतच आहे.

हिशेब करून पाहूं. समजा, गांवांत चारशे घरें व दोन हजार माणसें आहेत. त्यांस रोज १,१०,००० लिटर पाणी लागेल. गांवांतील काम वीस लाखांचें असेल, तर वर्गणी दोन लाख. म्हणजे सरासरी घरटीं पांचशें रुपये. रक्कम डोंगराएवढी नाहीं. तरी ती पुष्कळ ठिकाणीं ठेकेदार किंवा एखादा पुढारी परस्पर भरून टाकतो, असा बोभाटा जलस्वराज्याच्या वेळेपासून आहे. गांवकऱ्यांस तें उपकारासारखें वाटतें. आम्हांस मात्र तो तोट्याचा व्यवहार दिसतो. ज्यानें वर्गणी दिली, त्यास नळाची जाडी व टाकीचा सिमेंट तपासण्याचा हक्क पोंचतो. ज्याची दुसऱ्यानें भरली, त्याचें तोंड बंद होतें.

‘गरिबानें पैसे कोठून आणावे?’ असा आक्षेप येईल. तो खरा आहे, आणि म्हणूनच श्रमानें वर्गणी देण्याची सोय आहे. पण गरिबानें खड्डे खणावे आणि समितींत बसावें दुसऱ्यानेंच, हा सहभाग नव्हे. स्त्रियांस काय कळतें, असेंही कोणी म्हणतात. १९९३ च्या भूकंपानंतर लातूर व धाराशिव जिल्ह्यांत घरांच्या दुरुस्तीच्या कामीं गांवोगांवच्या स्त्रीमंडळांनीं जें काम केलें, तें त्यांस उत्तर म्हणून पुरेसें आहे.

आतां ‘गांव’ म्हणजे कोण, याचा विचार आपल्यासारख्या घरांनीं विशेष करावा. महाडच्या नगरपालिकेनें चवदार तळें सर्वांस खुलें असल्याचा ठराव आधींच केला होता. तरी २० मार्च १९२७ रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांस सत्याग्रह करूनच तें पाणी प्यावें लागलें. ठराव कागदावर, पाणी दुसऱ्याच्या पोहऱ्यांत, अशी ती स्थिति होती. आज नळाची शेवटची तोटी ज्या वस्तींत आहे, तेथें धार येते कीं नाहीं, यावरूनच योजनेची परीक्षा करावी.

दुसरी गोष्ट उपशाची. पिण्याच्या सार्वजनिक विहिरीपासून ५०० मीटरांच्या आंत परवानगीवांचून नवी विहीर खणूं नये, असें राज्याच्या १९९३ च्या कायद्यानें सांगितलें होतें. पुढें त्याची जागा २००९ च्या भूजल कायद्यानें घेतली. पण उंसाच्या मळ्यासाठीं शेजारींच विंधणविहीर घेणारा बहुधा गांवांतलाच वजनदार गृहस्थ असतो. त्यास अडविणें अधिकाऱ्याहून ग्रामसभेस सोपें जावें. पण ती भरलीच पाहिजे.

आपल्यापैकीं अनेकांचीं घरें आज पुण्यामुंबईस आहेत आणि वाडा व चार एकर जमीन मात्र गांवीं आहे. देवीच्या दर्शनास तुळजापुरास जाणाऱ्यांनीं वाट वांकडी करून एकदां आपल्या गांवीं उतरावें, घराची थकलेली पाणीपट्टी भरावी आणि समितीची हिशेबाची वही मागून ती सर्वांसमक्ष वाचावी. बारव बांधण्याची ऐपत आपल्यापैकीं थोड्यांचीच असेल. वही वाचतां येत नाहीं, असें मात्र कोणासही म्हणतां यावयाचें नाहीं.